शेततळ्यातील माशांस जोंधळा चारावा काय?

आपल्या परभणी जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. सन 2016 मध्ये शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तेव्हापासून या कामास विशेष गती आली. प्रथम हे पाणी मोसंबीच्या अगर डाळिंबाच्या बागेकरिता साठविले जात असे. पुढे, पाणी आहेच तर त्यात मासाही का वाढवू नये, हा विचार कित्येकांस सुचला, आणि तो विचार सर्वथा योग्य आहे. एकाच पाण्यावर दोन उत्पन्ने निघत असतील तर शहाण्या शेतकऱ्याने ती अवश्य घ्यावीत. परंतु मत्स्यबीज आणून सोडताना जितकी चौकशी होते, तितकी त्या बीजास पुढे काय खाऊ घालावयाचे याची होत नाही, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते.

सामान्यतः असे घडते की, जो जोंधळा मोंढ्यात कोणी विचारीत नाही, जो गुरे हुंगून सोडतात, तो पोत्यानिशी तळ्याच्या काठी येतो व ओंजळीने पाण्यात पडतो. मासे त्यावर तोंड घालतात हे दिसते, आणि मालकाचे समाधान होते. ‘पाण्यात टाकलेला दाणा वाया जात नाही, त्याचा मासाच होतो,’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मते हा समज चुकीचा असून घातकही आहे. जोंधळा माशास चारू नये असे आमचे म्हणणे नाही. उलट तो आपल्या जिल्ह्यातील माशाचे उत्तम व स्वस्त अन्न होऊ शकतो. मात्र कोणत्या माशास, किती, कशाबरोबर, कोणत्या रूपात व कोणत्या स्थितीतील जोंधळा द्यावा, या पाच प्रश्नांची उत्तरे ठाऊक असल्यावाचून तो देणे म्हणजे धान्य, मासा व पाणी या तिन्हींचा नाश करून घेणे होय.

प्रथम जोंधळ्यात काय असते ते पाहू. जोंधळ्याच्या शंभर भागांत सुमारे 65 ते 70 भाग पिष्ट असते, आणि प्रथिने सुमारे 10 भाग असतात. मका व गहू यांचीही स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे. पिष्ट हे शरीराचे इंधन आहे. त्यापासून चलनवलनास बळ मिळते. मांस मात्र पिष्टापासून तयार होत नाही, ते प्रथिनांपासून होते. नुसत्या भाकरीवर वाढविलेल्या पोराचे पोट सुटते पण अंग भरत नाही, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. माशाचीही तीच गत होते. तथापि पिष्टाचा एक मोठा गुण असा की, ते पुरेसे मिळाले म्हणजे मासा पेंडीतील महाग प्रथिने इंधन म्हणून जाळीत नाही, ती मांस वाढविण्याकडे लावतो. म्हणजे योग्य प्रमाणात दिलेला जोंधळा पेंडीची बचत करतो. प्रमाणाबाहेर दिलेले पिष्ट मात्र यकृतात साठते व त्याची चरबी बनते. असा मासा कापून पाहिल्यास त्याचे यकृत फिकट, फुगीर व तेलकट दिसते. तो रोगास लवकर बळी पडतो.

आता जातीजातीतील भेद. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस व गवत्या हे जे मासे आपल्याकडे पाळले जातात, ते एका मोठ्या कुळातील आहेत. या कुळातील माशांस वेगळे असे जठर नसते. त्यांचे आतडे लांब असून, रोहूसारख्यात तर ते शरीराच्या लांबीच्या कित्येक पट असते, आणि पिष्ट पचविणारा पाचक रस त्यांत चांगला स्रवतो. म्हणून अशा माशांच्या खाद्यात शंभरात तीस ते चाळीस भागांपर्यंत पिष्ट असले तरी ते त्यांस मानवते.

मरळीची गोष्ट निराळी. ती मांसाहारी आहे. लहान मासे, बेडूक व किडे हे तिचे स्वाभाविक अन्न. मांसाहारी माशांच्या शरीरास साखर आवरता येत नाही. पिष्ट पचून रक्तात साखर उतरली म्हणजे ती तासन् तास तशीच चढलेली राहते, जशी मधुमेही मनुष्याची राहते. अशा माशांच्या खाद्यात पिष्ट शंभरात वीस भागांच्या आतच असावे असे शास्त्रज्ञांचे सामान्य मत आहे. मरळीस चांगला भाव येतो म्हणून ती पाळू लागलेल्या बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. रोहूचे खाद्य मरळीस घालणे म्हणजे वाघास कडबा टाकण्यासारखे आहे.

यानंतर धान्य कोणत्या रूपात द्यावे हा प्रश्न. पिष्टाचे बारीक कण असतात, व कच्च्या स्थितीत त्यांची घडण घट्ट असते. पाणी व उष्णता यांचा संयोग झाला म्हणजे हे कण फुगतात, फुटतात व त्यांची खळ बनते. खळ झालेले पिष्ट माशास सहज पचते, कच्चे तितके पचत नाही. बटाट्याचे कच्चे पिष्ट तर फारच दुष्पच असते, शिजल्यावर तेच सुपच होते. गव्हाचे पिष्ट सुमारे 60 अंश सेंटिग्रेड उष्णतेस फुगू लागते, जोंधळ्यास याहून अधिक, म्हणजे सुमारे 70 अंश व त्यापुढे उष्णता लागते. शिवाय जोंधळ्यात पिष्टाच्या कणांभोवती प्रथिनांचे एक चिवट वेष्टण असते, त्यामुळे पाचक रस आत पोहोचण्यास अडचण पडते. म्हणून अख्खा दाणा तळ्यात टाकणे सर्वांत वाईट, भरडा त्याहून बरा, बारीक पीठ त्याहून चांगले, आणि पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा सर्वांत उत्तम, असा क्रम लागतो.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. जोंधळा पाण्यात शिजविला म्हणजे त्यातील पिष्ट सुपच होते खरे, परंतु त्यातील प्रथिने अधिकच कठीण बनतात व पूर्वीपेक्षा कमी पचतात. तेव्हा जोंधळ्यातील दहा भाग प्रथिनांवर भिस्त ठेवून चालणार नाही. जोंधळ्याकडून पिष्ट घ्यावे आणि प्रथिनांचा भार पेंडीवर टाकावा, हेच योग्य होय. मरळीसारख्या माशांच्या बाबतीत शिजविण्याने दोष जात नाही, कारण पिष्ट जितके लवकर पचेल तितकी साखर लवकर चढेल.

इतर धान्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मका जोंधळ्याच्या जोडीने वापरता येतो. गव्हाच्या पिठात चिकटपणा अधिक असल्याने गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून मिश्रणात थोडा गहू असणे हितकर आहे. तांदळाची कणी चांगली पचते, परंतु आपल्याकडे ती विकत आणावी लागते. साबुदाण्याचा कंद जवळजवळ निव्वळ पिष्टच असल्याने त्याजबरोबर पेंड अधिक लागते. तुरीच्या चुनीत पिष्ट व प्रथिने दोन्ही असतात, परंतु कच्च्या कडधान्यात पचनास अडथळा करणारी द्रव्ये असल्याने तीही शिजवूनच द्यावी. कच्च्या सोयाबीनचा दोष याहून मोठा आहे. सोयाबीन भरडून तसेच तळ्यात टाकू नये, उष्णतेचा संस्कार झालेली सोयापेंडच वापरावी. बाजारात मिळणारे पाण्यावर तरंगणारे तयार खाद्य वाफेच्या उष्णतेत व दाबाखाली बनते. त्यात पिष्ट शिजलेले असते, आणि ते शिजून फुगल्यामुळेच खाद्याची गोळी हलकी होऊन तरंगते. त्या खाद्याच्या महागाईत या संस्काराचा खर्च आहे. तो संस्कार घरच्या चुलीवर काही अंशी आपणही करू शकतो.

न पचलेले पिष्ट कोठे जाते याचाही विचार करावा. ते विष्ठेवाटे व उष्ट्याच्या रूपाने पाण्यात राहते, तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते. आभाळ भरून आलेल्या दिवसांत, पहाटेच्या वेळी, मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडीत असलेले दिसतात. त्यांस भूक लागली असे समजून कोणी आणखी पीठ टाकतो. वस्तुतः त्यांचा श्वास कोंडलेला असतो. अशा वेळी खाद्य तत्काळ बंद करून ताजे पाणी सोडावे. थंडीच्या दिवसांतही माशाचे पचन मंदावते, म्हणून पौष-माघात खाद्य निम्म्यावर आणणे उचित आहे.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आंध्र प्रदेशात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात मत्स्यशेती फार मोठी आहे. तेथे तेल काढलेला तांदळाचा कोंडा हे मुख्य खाद्य असून तो छिद्रे पाडलेल्या पोत्यांत भरून, पोती बांबूस टांगून माशांस दिला जातो. याबरोबर पेंडही असते. हे पाहून वा ऐकून आपल्याकडील लोक म्हणतात की, तेथे कोंड्यावर मासा होतो, मग आपल्याकडे जोंधळ्यावर का होऊ नये? याचे उत्तर तळ्याच्या तळात आहे. तेथील तळी मातीची असतात, त्यांस खत घातलेले असते. मातीच्या व खत दिलेल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती व सूक्ष्म प्राणी विपुल वाढतात. हे जीव म्हणजे प्रथिनांचे भांडारच होय. तेथील मासा प्रथिने पाण्यातून मिळवितो व पिष्ट पोत्यातून घेतो. आपल्या बहुतेक शेततळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाणी जिरू नये म्हणून तो आवश्यकच आहे. पण त्यामुळे मातीचा संबंध तुटतो, तळाशी किडे व कृमी होत नाहीत, आणि विहिरीच्या स्वच्छ पाण्यात सूक्ष्म जीवही थोडेच असतात. अशा तळ्यातील मासा गोठ्यात बांधलेल्या जनावरासारखा आहे. धन्याने दाव्याशी आणून टाकावे तेवढेच त्यास मिळते. मातीच्या गावतळ्यात नुसत्या जोंधळ्याच्या पिठावरही मासा बऱ्यापैकी वाढतो, आणि तेच पीठ प्लास्टिकच्या तळ्यात घातले तर वर्षाअखेर बोटुकलीची वीतभर मासळी होऊन राहते. पुष्कळ ठिकाणी बीजास दोष दिला जातो, क्वचित औषधे आणली जातात. खरा दोष थाळीत असतो.

म्हणून हिशेब मांडून पाहू. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले असल्याने हिशेबावाचून बोलणे आम्हांस जमत नाही. शंभर किलो खाद्याकरिता जोंधळ्याचे पीठ 35 किलो, गव्हाचा कोंडा 18 किलो, भुईमुगाची पेंड 25 किलो, सोयापेंड 20 किलो व क्षारमिश्रण 2 किलो घेतले, तर त्यात प्रथिने सुमारे 25 किलो व पिष्ट सुमारे 26 किलो येते. रोहू-कटल्याच्या वाढत्या माशांस हे प्रमाण मानवण्याजोगे आहे. पीठ व कोंडा प्रथम शिजवून घ्यावा, निवू द्यावा, मग त्यात पेंड व क्षार मळून गोळे करावेत. सरकीची पेंड आपल्याकडे विपुल असली तरी तिच्यात गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते, म्हणून ती थोडीच घालावी.

30 मीटर लांब व 30 मीटर रुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांच्या तळ्यात, दर चौरस मीटरास एक या मानाने 900 बोटुकली सोडली व त्यांतील 800 मासे जगून प्रत्येकी 200 ग्रॅमचे झाले, असे धरू. त्यांचे एकूण वजन 160 किलो. वजनाच्या शंभरात तीन भाग या मानाने रोजचे खाद्य 4 किलो 800 ग्रॅम झाले. त्यात जोंधळा पावणेदोन किलोहून किंचित कमी व दोन्ही पेंडी मिळून सव्वादोन किलोच्या आत. महिन्याचा जोंधळा सुमारे अर्धा क्विंटल व पेंड सुमारे 65 किलो झाली. हे खाद्य एकदम न टाकता सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पाटीत ठेवावे व तासाभराने पाटी वर काढून पाहावी. उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तितके कमी करावे. महिन्यातून एकदा दहा-वीस मासे काढून तोलावेत व वजन वहीत लिहावे. ज्याच्या वहीत वजन नाही, त्याला आपला मासा वाढतो की नुसता जगतो हे कळण्यास मार्ग नाही.

यापुढची गोष्ट काळ्या पडलेल्या जोंधळ्याची. खरीप ज्वारी फुलोऱ्यापासून पक्व होईपर्यंतच्या काळात पाऊस लागून राहिला, म्हणजे कणसावर बुरशी चढते व दाणा काळवंडतो. हा अनुभव आपणांस नवा नाही. बुरशीच्या कित्येक जाती निरुपद्रवी असतात, परंतु काही जाती विष निर्माण करतात, आणि कोणती कोणत्या दाण्यावर आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. सन 1995 मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक व आंध्र प्रदेशातील काही गावांत, पावसात भिजलेल्या ज्वारीच्या व मक्याच्या भाकरी खाऊन पुष्कळ लोकांस पोटदुखी व जुलाब झाले. तपासाअंती धान्यात बुरशीचे विष आढळले. त्यापूर्वी सन 1974 मध्ये गुजरात व राजस्थानच्या सीमेवरील भागात बुरशी आलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. माशांचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. सन 1960 मध्ये अमेरिकेतील मत्स्यपालन केंद्रांत ट्राउट माशांस यकृताचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर झाला, आणि त्याचे मूळ खाद्यातील सरकीच्या पेंडीत असलेल्या याच विषात सापडले. आपला रोहू ट्राउटइतका नाजूक नाही हे खरे. पण तो तत्काळ मरत नाही म्हणजे त्यास बाधा होत नाही, असा अर्थ नव्हे. यकृत झिजते, वाढ खुंटते, रोगप्रतिकाराची शक्ती कमी होते, आणि मालकास कारण कळत नाही.

हे विष शिजविण्याने नाहीसे होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. तसेच दोष एकट्या जोंधळ्यास देऊन चालणार नाही. भुईमुगाची पेंड पावसाळ्यात दमट जागी राहिली तर तीत अफ्लाटॉक्सिन होण्याचा धोका जोंधळ्याहून अधिक असतो. पेंड फळीवर, भिंतीपासून दूर व कोरड्या हवेत ठेवावी आणि गरजेपुरतीच आणावी. कुबट वास आलेले वा जाळी धरलेले खाद्य तळ्यात घालू नये. आमचा नियम साधा आहे: जे आपण आपल्या गाईपुढे ठेवण्यास कचरू, ते माशापुढे ठेवू नये. मासा हंबरत नाही, एवढ्याच कारणाने त्यास विष घालण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होत नाही. शिवाय तोच मासा पुढे कोणाच्या तरी ताटात जाणार आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, चांगला जोंधळा माणसाच्या तोंडचा घास आहे, तो माशास का घालावा? आक्षेप मनापासूनचा आहे व आम्ही त्याचा आदर करतो. परंतु चाळणीखाली पडलेली स्वच्छ कणी, बारीक दाणा, गव्हाचा कोंडा व चुनी हे माणसाच्या ताटात येत नाहीत. ते कोरडे व निरोगी असतील तर माशाकरिता पुरेसे आहेत. बारीक दाणा आणि बिघडलेला दाणा यांतील भेद मात्र सोडू नये. दुसरा आक्षेप पेंडीच्या किमतीचा. पेंड महाग आहे, हे मान्य. पण पेंडीवाचून वर्षभर चारलेला जोंधळा, भरलेले पाणी व घेतलेले बीज ही सर्व किंमत पाण्यात जाते, ती कोणी मोजीत नाही. ज्यास पेंड परवडत नाही त्याने मासे कमी सोडावेत. चारशे मासे नीट पोसणे आठशे मासे उपाशी ठेवण्यापेक्षा अधिक लाभाचे आहे.

शेवटी दोन सूचना. आपल्या परभणीस 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. ‘परभणी शक्ती’ ही लोह व जस्त अधिक असलेली ज्वारी याच विद्यापीठाने इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्याने 2018 साली दिली. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीर येथे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. एकीकडे जोंधळ्याचे ज्ञान, दुसरीकडे माशाचे ज्ञान. या दोन्ही संस्थांनी मिळून आपल्याच जिल्ह्यातील प्लास्टिकच्या तळ्यांत, आपल्याच जोंधळ्याचे, कच्चे व शिजविलेले, निरनिराळ्या प्रमाणांतील खाद्य देऊन प्रयोग करावेत व निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत. तांदळाच्या मुलखातील कोष्टके आपणांस किती दिवस पुरणार? दुसरी सूचना आपल्या संघास. तळे असलेल्या सभासदांनी गटागटाने एक दळणयंत्र, एक मोठी कढई व गोळ्या पाडण्याचे एक यंत्र सामाईक घ्यावे, पेंड एकत्र खरीदावी आणि संशयित धान्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून आणण्याची व्यवस्था संघाने करावी. एकट्यास जे महाग पडते ते दहांस झेपते.

जमीन ज्या पिकास जे खत मागते ते आपण जाणतो व देतो. पाणी हीही आता आपली जमीन झाली आहे. तिच्यातील पिकासही तितक्याच विचाराने पोसले, तर शेततळे हे केवळ पाण्याचे साठवण न राहता उत्पन्नाचे साधन होईल. वाचकांनी आपापल्या वहीतील खाद्याचे व वजनाचे आकडे या मासिकाकडे पाठवावेत, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.